एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती दिवाणी दाव्यातल्या प्रतिवादींसाठी आहे: ज्यांच्या गैरहजेरीत निकाल लागला आणि आता दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची) नोटीस, बँक खात्यावर जप्ती किंवा तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस हातात पडली आहे त्यांच्यासाठी. नियम दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधले आहेत. कौटुंबिक, ग्राहक आणि लघुवाद प्रकरणांतले फरक पुढे वेगळे दिले आहेत.

एकतर्फी हुकूमनामा म्हणजे नेमके काय?

समन्स बजावले गेले असे न्यायालयाला दिसले आणि पुकारा झाला तेव्हा प्रतिवादी हजर नसला, तर ऑर्डर ९ रूल ६ खाली दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फा चालवण्याचा हुकूम होतो. मग वादी आपले पुराव्याचे प्रतिज्ञापत्र देतो. त्याचा उलटतपास घ्यायला कोणी नसते. न्यायालय कागद पाहून निकाल देते. त्या निकालावरचा न्यायालयाचा अंतिम आदेश म्हणजे एकतर्फी हुकूमनामा. प्रतिवादी आला नाही म्हणून वादीचे सगळे आपोआप सिद्ध झाले असे कायदा मानत नाही, वादीला आपली बाजू शाबीत करावीच लागते. पण समोरून प्रश्न विचारणारा कोणी नसल्याने बहुतेक वेळा निकाल वादीच्या बाजूने जातो.

एकतर्फा हुकूम झाला आहे, पण निकाल अजून लागलेला नाही. आता काय?

आजच वकिलांकडे जा, कारण हा टप्पा सगळ्यांत सोपा आहे. ऑर्डर ९ रूल ७ खाली अर्ज देऊन आधीच्या तारखेला का येता आले नाही याचे योग्य कारण दाखवले, तर न्यायालय एकतर्फा हुकूम मागे घेते, फार तर थोडा खर्च भरायला लावते. हा अर्ज फेटाळला गेला तरी उरलेल्या कामकाजात भाग घेण्याचा तुमचा हक्क जात नाही. संग्राम सिंग विरुद्ध इलेक्शन ट्रायब्युनल कोटा या १९५५ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे: दावा ज्या टप्प्यावर असेल तिथून पुढे तुम्ही सामील होऊ शकता, फक्त झालेले कामकाज मागे फिरत नाही. युक्तिवाद संपून दावा निकालासाठी ठेवला गेला की मात्र रूल ७ चा अर्ज चालत नाही. मग निकाल लागण्याची वाट पाहून रूल १३ कडे वळावे लागते.

हुकूमनामा झाल्यावर कोणत्या कारणांनी तो रद्द होतो?

ऑर्डर ९ रूल १३ मध्ये दोनच कारणे आहेत. एक, समन्स रीतसर बजावले गेले नव्हते. दोन, दावा सुनावणीला पुकारला गेला त्या दिवशी पुरेशा कारणामुळे तुम्हाला हजर राहता आले नाही. यापैकी एकही शाबीत केले तरी पुरते.

इथेच सर्वांत जास्त अर्ज वाया जातात. लोक दहा पाने भरून लिहितात की जमीन वडिलोपार्जित आहे, सही खोटी आहे, पैसे कधीच फेडले आहेत. हे सगळे खरे असू शकते, पण या अर्जात न्यायालय त्याचा निर्णय करत नाही. तुम्ही का आला नाहीत, एवढाच इथला प्रश्न आहे. तुमचा बचाव पोकळ नाही हे दाखवायला एक परिच्छेद जरूर लिहा. बाकीचे सगळे वजन गैरहजेरीच्या कारणावर टाका.

किती दिवसांत अर्ज करायचा?

तीस दिवसांत. मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हे दिवस हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती तुम्हाला ज्या दिवशी झाली त्या दिवसापासून. वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊन, म्हणजे ऑर्डर ५ रूल २० खाली, बजावणी झाली असेल तर मुदतीच्या हिशेबासाठी ती रीतसर बजावणी धरली जात नाही, असे याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. म्हणजे अशा प्रकरणातही तीस दिवस माहिती झाल्यापासूनच धावतात. हा मुद्दा अर्जात लिहायचा अनेकदा राहून जातो आणि विनाकारण विलंबाचा वाद उभा राहतो.

तिसावा दिवस सुटीचा असेल तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज दाखल करता येतो.

मला निकाल कळला कधी, हे कसे दाखवायचे?

कागदाने. दरखास्तीच्या नोटिशीवरची तारीख, बँकेचे खाते गोठवल्याचे पत्र किंवा संदेश, फेरफाराची नोटीस, बेलीफ (न्यायालयाचा बजावणी करणारा कर्मचारी) ताबा घ्यायला आला तो दिवस. ‘गावातल्या एकाकडून कळले’ असे असेल तर त्या माणसाचे प्रतिज्ञापत्र जोडा. तारीख एकदा लिहिली की ती सगळीकडे तीच राहिली पाहिजे. अर्जात १२ तारीख, प्रतिज्ञापत्रात १५ आणि नकलेसाठीचा अर्ज ९ तारखेचा असेल, तर समोरचा वकील उलटतपासात त्याच एका फटीवर उभा राहतो.

आधी नेमके काय बघायचे?

दाव्याचे मूळ कागद. ते पाहिल्याशिवाय अर्ज लिहू नका. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर तुमच्या नावाने किंवा सोळा चिन्हांच्या सीएनआर क्रमांकाने प्रकरण सापडते. त्यावरून तारखा कळतात, पण बजावणीचा अहवाल तिथे बहुधा दिसत नाही. त्यासाठी वकिलांमार्फत कागदपत्रे पाहण्याचा अर्ज द्या आणि रेकॉर्डमधली ही पाने डोळ्यांखालून घाला: दाव्यात लिहिलेला तुमचा पत्ता, समन्सची परत आलेली प्रत व तिच्या मागचा बेलीफचा अहवाल, पोस्टाची पोचपावती किंवा परत आलेले पाकीट, रोजनामा (कामकाजाची तारीखवार नोंद) आणि एकतर्फा हुकमाची निशाणी (रेकॉर्डमधला नोंद क्रमांक). मग नक्कल विभागात हुकूमनामा, निकालपत्र, रोजनामा आणि बजावणी अहवाल यांच्या प्रमाणित प्रती मागा. नकला मिळायला उशीर लागणार असेल तर अर्ज आधी दाखल करा आणि नकला नंतर हजर करण्याची परवानगी मागा. तीस दिवस नकलेसाठी थांबत नाहीत.

बेलीफच्या अहवालात काय शोधायचे?

हा अहवाल ओळ न ओळ वाचा.

समन्स प्रत्यक्ष तुमच्या हातात दिले असे लिहिले असेल तर खाली सही तुमची आहे का ते पाहा. घरातल्या माणसाला दिले असेल तर तो माणूस सज्ञान हवा, तुमच्यासोबत राहणारा हवा आणि कुटुंबातला हवा. ऑर्डर ५ रूल १५ मध्ये पुरुष किंवा स्त्री कोणीही चालते, पण नोकर कुटुंबातला धरला जात नाही. शिवाय तुम्ही घरी नव्हता आणि वाजवी वेळेत भेटण्याची शक्यता नव्हती, हेही दिसायला हवे. लग्न होऊन दुसऱ्या गावी नांदणाऱ्या बहिणीच्या वतीने भावाने माहेरच्या घरी समन्स घेतले, हा वाटणीच्या दाव्यांत नेहमी दिसणारा दोष आहे. बहीण त्या घरात राहतच नाही.

‘घर बंद, दारावर समन्स चिकटवले’ असा शेरा असेल तर रूल १७ लागतो. चिकटवण्याआधी बेलीफने तुम्हाला शोधण्याचा पुरेसा प्रयत्न केला होता का, किती वेळा गेला, किती वाजता गेला, घर कोणी दाखवले, कोणासमक्ष चिकटवले, त्या साक्षीदाराचे नाव-पत्ता अहवालात आहे का? एकदाच दुपारी जाऊन, कुलूप पाहून, लगेच समन्स चिकटवून परत आलेला अहवाल कमकुवत असतो. अहवालासोबत बेलीफचे शपथेवरचे कथन नसेल, तर न्यायालयाने त्याची चौकशी केली होती का हे रोजनाम्यात बघा. रूल १९ त्यासाठीच आहे.

पोस्टाने पाठवलेल्या समन्सवर ‘घेण्यास नकार’ असा शेरा असेल तर सांभाळा. पत्ता बरोबर असेल तर नकार म्हणजे बजावणी झालीच असे न्यायालय धरते. पोस्टमन त्या दिवशी आलाच नव्हता असे म्हणायचे असेल, तर तुम्ही त्या दिवशी कुठे होता याचा पुरावा द्यावा लागतो.

आणखी एक मर्यादा आहे. बजावणीत केवळ किरकोळ अनियमितता होती, पण सुनावणीची तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहून उत्तर द्यायला पुरेसा वेळ होता असे न्यायालयाला वाटले, तर त्या दोषावर हुकूमनामा रद्द होत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने ऑर्डर ९ रूल १३ ला हे परंतुक (अपवादाची अट) जोडले गेले. म्हणून ‘बजावणी चुकीची झाली’ एवढ्यावर थांबू नका. ‘आणि त्यामुळे मला दाव्याची माहितीच नव्हती’ हेही ठामपणे लिहा. खरे असेल तरच.

समन्स मिळाले होते, पण तारखेला जाता आले नाही. ‘पुरेसे कारण’ कोणते?

याची ठरलेली यादी कायद्यात नाही. परिमल विरुद्ध वीणा या २०११ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पक्षकाराने हजर राहण्याचा प्रामाणिक हेतू ठेवून शक्य ते केले होते का आणि तो निष्काळजी होता का, हे पाहायचे. रुग्णालयात दाखल असणे, अपघात, घरातला मृत्यू, पूर किंवा वाहतूक बंद पडणे, तारीख चुकीची कळणे ही कारणे मान्य होतात, पण त्या दिवसाशी जोडलेली असली तरच. पुकारा ज्या तारखेला झाला ती तारीख महत्त्वाची. सहा महिन्यांपूर्वीच्या आजाराचे प्रमाणपत्र तिथे उपयोगी पडत नाही.

फरक असा दिसतो. ‘अर्जदार आजारी असल्याने हजर राहू शकला नाही’ या वाक्यावर अर्ज फेटाळला जाण्याची शक्यता मोठी. तेच असे लिहा: ‘अर्जदार ३ जून रोजी पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाला, ९ जूनला घरी सोडले, डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली. दावा ११ जूनला पुकारला गेला. डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची बिले यादीसोबत जोडली आहेत.’ डिस्चार्ज कार्डाला न्यायालयात वजन असते. घटनेनंतर महिन्यांनी आणलेल्या ‘विश्रांतीची गरज होती’ छापाच्या प्रमाणपत्राला फारसे नसते, आणि ते देणाऱ्या डॉक्टरला साक्षीला बोलावले जाऊ शकते.

चूक माझ्या वकिलांची होती. हे कारण चालते का?

चालू शकते. वकिलाच्या चुकीची शिक्षा निर्दोष पक्षकाराला होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने रफिक विरुद्ध मुन्शीलाल या १९८१ च्या निवाड्यात म्हटले आहे. मात्र वकीलपत्र देऊन दोन वर्षे चौकशीच न करणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही. तुम्ही संपर्कात होता हे दाखवा: फोनवरचे संदेश, फी दिल्याच्या नोंदी, भेटींच्या तारखा.

वकिलांनी ‘पक्षकाराच्या सूचना नाहीत’ अशी पुरसिस (लेखी निवेदन) देऊन अंग काढून घेतले आणि न्यायालयाने तुम्हाला नोटीस न काढताच दावा एकतर्फा चालवला, असे रोजनाम्यात दिसले तर तो भक्कम मुद्दा आहे. मलकियत सिंग विरुद्ध जोगिंदर सिंग या १९९८ च्या प्रकरणात याच कारणावर पक्षकाराला दिलासा मिळाला.

अर्जासोबत काय काय दाखल करायचे?

ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला त्याच न्यायालयात अर्ज जातो. तो किरकोळ दिवाणी अर्ज म्हणून नोंदवला जातो. सोबत प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी, वकीलपत्र आणि गरज असल्यास विलंब माफीचा व स्थगितीचा असे वेगवेगळे अर्ज द्यावेत. तीनही मागण्या एकाच अर्जात कोंबल्या की त्यावर हरकत निघते आणि आठवडे जातात. मूळ दाव्यातले सगळे पक्ष सामनेवाले म्हणून जोडा, बाकीचे प्रतिवादीसुद्धा. समोरच्याला नोटीस दिल्याशिवाय हुकूमनामा रद्द करता येत नाही, असे ऑर्डर ९ रूल १४ सांगतो. त्यामुळे सामनेवाल्यांचे बरोबर पत्ते आणि नोटिशीचा खर्च वेळेवर दिला नाही तर प्रकरण तिथेच अडते.

कैफियत (दाव्याला तुमचे लेखी उत्तर) तयार करून ठेवा आणि ती दाखल करण्याच्या परवानगीचा अर्जही हाताशी असू द्या.

तीस दिवस उलटून गेले आहेत.

मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. विलंब किती लांब आहे यापेक्षा त्याचे कारण पटते का, हे बघितले जाते. तारखांची साखळी अखंड ठेवा: कधी कळले, कधी वकील गाठले, नकलेसाठी कधी अर्ज केला, नक्कल कधी मिळाली, अर्ज कधी तयार झाला. मधले दोन महिने रिकामे दिसले तर नेमका त्यांच्यावरच प्रश्न येतो. माहितीच्या तारखेबद्दल वाद होण्याची थोडीही शक्यता असेल, तर मुदतीत असल्याचे म्हणणे कायम ठेवून खबरदारी म्हणून विलंब माफीचा अर्जही द्या. त्याने तुमचे काही बिघडत नाही.

दरम्यान जप्ती किंवा ताबा थांबतो का?

आपोआप नाही. हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज प्रलंबित आहे एवढ्याने दरखास्त थांबत नाही. स्थगितीचा वेगळा अर्ज लागतो आणि पैशाच्या हुकूमनाम्यात न्यायालय काही रक्कम जमा करायला किंवा जामीन द्यायला सांगू शकते. बेलीफ ताबा घ्यायला येणार असेल तर सुनावणी तातडीने घेण्याची विनंती लेखी करा. दरखास्तीतही हजर व्हा आणि रद्द करण्याचा अर्ज दाखल असल्याचे तिथे कळवा. दोन्हीकडे एकच वकील असेल तर हे सुरळीत होते.

पैसे वसूल झाले किंवा ताबा गेला आणि नंतर हुकूमनामा रद्द झाला, तर कलम १४४ खाली पूर्वस्थिती मागता येते. लिलावात मालमत्ता खुद्द वादीने घेतली असेल तर ती परत मिळण्याची वाट मोकळी असते. प्रामाणिक त्रयस्थाने घेतली असेल तर बहुधा त्याला संरक्षण मिळते. स्थगिती लवकर मागायची ती यासाठीच.

हा अर्ज करायचा की अपील?

दोन्ही वाटा आहेत आणि इथे क्रम चुकला तर मोठे नुकसान होते. कलम ९६(२) खाली एकतर्फी हुकूमनाम्यावर थेट अपील करता येते: जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, उच्च न्यायालयात ९० दिवसांत. अपिलात वादीचा पुरावा अपुरा होता, कायदा चुकीचा लावला, असे गुणदोषांवर बोलता येते. पण तुमचा पुरावा रेकॉर्डवर नसतो, त्यामुळे अपिलात हात बांधलेले असतात.

अर्ज आणि अपील एकाच वेळी दाखल करता येतात. मात्र अपिलाचा निकाल आधी लागला, तर रूल १३ च्या स्पष्टीकरणामुळे तुमचा अर्ज चालत नाही, मग अपील मुदतीबाहेर म्हणून फेटाळलेले का असेना. अपवाद एकच: अपील तुम्ही स्वतः मागे घेतले असेल तर. उलट बाजूने, अर्ज फेटाळला गेला तरी गुणदोषांवरचे अपील करता येते, फक्त गैरहजेरीचे कारण त्यात पुन्हा उकरता येत नाही. भानुकुमार जैन विरुद्ध अर्चना कुमार या २००५ च्या निवाड्यात हे सविस्तर आले आहे.

आमचे मत: गैरहजेरीचे कारण खरे आणि कागदांनी भक्कम असेल तर आधी रूल १३. अपिलाची मुदत निघून जाण्याची भीती वाटत असेल तर तेही दाखल करून ठेवा, पण अर्जाच्या निकालाआधी ते सुनावणीला जाऊ देऊ नका.

अर्ज फेटाळला तर?

ऑर्डर ४३ रूल १(ड) खाली त्या आदेशावर अपील आहे. अर्ज मंजूर झाला तर वादीला असे अपील नाही. त्याला उच्च न्यायालयात रिट किंवा पुनरीक्षण असे मर्यादित मार्ग उरतात.

अर्ज मंजूर झाला. आता दावा पहिल्यापासून सुरू होतो का?

नेहमी नाही. हुकूमनामा रद्द होऊन दावा पुन्हा फाइलवर येतो आणि न्यायालय खर्च भरण्याची किंवा रक्कम जमा करण्याची अट घालू शकते. ती अट ठरलेल्या दिवसापर्यंत पाळा, नाहीतर मिळालेला आदेश हातचा जातो.

कैफियतीचा प्रश्न वेगळा आहे. समन्स मिळूनही तुम्ही मुदतीत, म्हणजे ३० आणि जास्तीत जास्त ९० दिवसांत, कैफियत दिली नव्हती, तर हुकूमनामा रद्द झाल्याने ती मुदत पुन्हा जिवंत होत नाही. नंद दुलाल प्रधान विरुद्ध दिबाकर प्रधान या २०२२ च्या निवाड्यानुसार असा प्रतिवादी कामकाजात भाग घेऊन वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घेऊ शकतो. समन्सच बजावले गेले नसेल तर चित्र वेगळे असते. म्हणून रद्द करण्याच्या आदेशातच कैफियत दाखल करण्याची परवानगी स्पष्ट शब्दांत मागून घ्या.

निकालातला फक्त एक भाग बदलून मिळेल का?

या अर्जात नाही. आकडेमोडीची किंवा लिखाणाची चूक असेल तर कलम १५२ खाली दुरुस्ती मागा. रेकॉर्डवर उघड दिसणारी चूक असेल तर ऑर्डर ४७ खाली पुनर्विलोकन आहे, त्याची मुदतही ३० दिवसच. अनेक प्रतिवादी असतील आणि हुकूमनामा तोडता येण्यासारखा नसेल, उदाहरणार्थ वाटणीचा, तर तो इतर प्रतिवादींविरुद्धही रद्द होऊ शकतो.

कोणत्या प्रकरणांत नियम वेगळे आहेत?

ऑर्डर ३७ चा संक्षिप्त दावा असेल तर रूल ४ लागतो. तिथे ‘विशेष परिस्थिती’ दाखवावी लागते, आणि बचाव करू देण्याजोगी तथ्ये तुमच्याकडे आहेत हेही त्याच अर्जात मांडावे लागते. बचावाबद्दल एकच परिच्छेद लिहा असे वर सांगितले, ते इथे लागू नाही.

प्रांतिक लघुवाद न्यायालय अधिनियम, १८८७ खालच्या प्रकरणात कलम १७ प्रमाणे अर्ज करतानाच हुकूमनाम्याची रक्कम जमा करावी लागते, किंवा आधी अर्ज देऊन जामिनाची परवानगी घ्यावी लागते. हे बंधनकारक आहे. पैसे न भरता दिलेला अर्ज कारण कितीही खरे असले तरी टिकत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाला स्वतःचा एकतर्फी आदेश रद्द करण्याचा अधिकार नाही. तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका. राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील करा, आणि आदेशाच्या निम्मी रक्कम जमा करण्याची तयारी ठेवा.

पोटगीचा एकतर्फी आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४५ खाली तीन महिन्यांत रद्द करून मागता येतो. एकतर्फी घटस्फोटाला रूल १३ लागतो, पण तिथे एकेक दिवस मोलाचा असतो, कारण अपिलाची मुदत संपल्यावर समोरची व्यक्ती दुसरे लग्न करू शकते.

मी वादी आहे आणि माझ्याच गैरहजेरीत दावा काढून टाकला.

प्रतिवादी हजर असताना ऑर्डर ९ रूल ८ खाली काढला असेल तर त्याच कारणावर नवा दावा करता येत नाही. ३० दिवसांत रूल ९ खाली दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा अर्ज हाच मार्ग. दोन्ही बाजू गैरहजर असताना काढला असेल तर रूल ४ खाली पुनर्स्थापना मागता येते, किंवा मुदत शिल्लक असल्यास नवा दावाही करता येतो.

वकिलांची फी परवडत नाही.

तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असते. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. हेल्पलाइन १५१००. जाताना हातात आलेली नोटीस, ती मिळाल्याची तारीख आणि आधार कार्ड सोबत ठेवा. मोफत वकील नेमला जाईपर्यंतही तीस दिवस चालूच असतात, हे तिथे पहिल्याच भेटीत सांगा.